घर, अंगण आणि घरगाडी

अमेरिकेतील उपनगरात घरासमोरची मोकळी जागा घरमालकाच्या मालकीची असते. परंतु तिचा उपयोग कसा करावा हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी त्याच्या हाती नसतो. हिरवळ किती वाढू द्यावी, कुंपण किती उंचीचे असावे, वाहन अंगणाच्या कोणत्या भागात उभे करावे, यांविषयी त्या त्या गावच्या नगरपालिकेचे नियम असतात. वरवर पाहता हे नियम क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे. आपल्या जमिनीवर शेजाऱ्याच्या नजरेचा अधिकार कोठपर्यंत चालतो, हा तो प्रश्न होय. घरगाडी दारात उभी करण्याविषयीच्या नियमांत या प्रश्नाचे स्वरूप अत्यंत स्पष्टपणे पाहावयास मिळते.

घरगाडी म्हणजे आत राहण्याची सोय असलेले वाहन. अमेरिकेत तिला ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा आद्याक्षरांवरून ‘आरव्ही’ असे म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात गाडीला स्वतःचे इंजिन असते. दुसऱ्या प्रकारातील गाडी मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागते. दोन्ही प्रकारांत झोपण्याच्या जागा, शेगडी, शीतकपाट, मोरी आणि शौचालय यांची सोय असू शकते. स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी अशा तीन स्वतंत्र टाक्या असतात आणि स्वयंपाकासाठी द्रवरूप वायूच्या नळकांड्या बसविलेल्या असतात. थोडक्यात, ही गाडी चाकांवरचे लहानसे घर असते. तिच्यासंबंधीच्या साऱ्या वादांचे बीज या दुहेरी स्वरूपातच आहे.

आकाराचा विचार केला म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात येते. मोठ्या घरगाडीची रुंदी साडेआठ फूट असते. लांबी २० फुटांपासून ४५ फुटांपर्यंत असू शकते आणि उंची कित्येकदा १२ फुटांच्या पुढे जाते. अमेरिकेतील सर्वसाधारण घराच्या मोटारखान्याचा दरवाजा ७ फूट उंच असतो. साहजिकच अशी गाडी मोटारखान्यात शिरू शकत नाही. ती उघड्यावरच ठेवावी लागते. वर्षातील काही आठवडे ती प्रवासात असते आणि उरलेला सारा काळ ती कोठे ना कोठे उभी असते. हे ‘कोठे’ ठरविण्यासाठीच नियमांची आवश्यकता निर्माण झाली.

घरगाडी उपनगरात कशी आली

मोटारीला घराचे रूप देण्याचे प्रयत्न मोटारीइतकेच जुने आहेत. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पियर्स-ॲरो कंपनीने प्रवासात झोपण्याची सोय असलेली मोटार मांडली होती. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे अशा हौशी प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या नावाची संघटना स्थापन केली. १९३० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याच्या एअरस्ट्रीम गाड्या प्रसिद्धीस आल्या. तथापि हा काही थोड्या लोकांचाच छंद होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. शहराबाहेर हजारो नवी घरे उभी राहिली आणि मध्यमवर्गीय कुटुंबे स्वतःच्या अंगणाच्या घरात राहू लागली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्यीय महामार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. १९६६ मध्ये आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी विनेबागो कंपनीने इंजिन असलेल्या घरगाड्या तयार करण्यास सुरुवात केली आणि अशा गाड्या सामान्य कुटुंबांच्याही आवाक्यात येऊ लागल्या. १९७३ च्या तेलटंचाईने या उद्योगास मोठा धक्का दिला. पण पुढे तो सावरला. २०२० मधील महामारीच्या काळात विमाने व हॉटेले टाळू पाहणाऱ्या लोकांनी पुन्हा घरगाडीकडे धाव घेतली आणि २०२१ या एका वर्षात अमेरिकेतील कारखान्यांतून सहा लाखांच्या वर घरगाड्या बाहेर पडल्या.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच सुबत्तेने अंगण असलेले घर आणि त्या अंगणात न मावणारी गाडी या दोन्ही वस्तू एकाच कुटुंबाला मिळवून दिल्या. उपनगराचे भूखंड मात्र आखले गेले होते ते साध्या मोटारी डोळ्यांसमोर ठेवून.

नियम करण्याचा अधिकार

खासगी जमिनीवर काय उभे करावे हे सांगण्याचा अधिकार नगरपालिकेस कोठून प्राप्त झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहराने संपूर्ण शहराची विभागणी करून कोणत्या विभागात कसली इमारत असावी हे ठरवून दिले. या पद्धतीस अमेरिकेत ‘झोनिंग’ म्हणतात; मराठीत तिला क्षेत्रविभागणी म्हणता येईल. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराजवळच्या युक्लिड या गावाने १९२२ मध्ये असाच उपविधी केला. त्यामुळे आपल्या जमिनीची किंमत घटली, अशी तक्रार घेऊन एक जमीनमालक कंपनी न्यायालयात गेली. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निर्णय दिला. लोकांचे आरोग्य, सुरक्षितता, नीती आणि सर्वसाधारण कल्याण यांच्याशी नियमाचा वाजवी संबंध असेल आणि तो उघडउघड मनमानी स्वरूपाचा नसेल, तर तो वैध मानावा, असे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित केले.

या तत्त्वाच्या आधारे देशभर हजारो गावांनी निवासी विभाग आखले. निवासी भूखंडावर मुख्य वापर घराचा आणि त्याला पूरक असे काही दुय्यम वापर, अशी मांडणी करण्यात आली. मोटारखाना, अवजारांची खोली, कुंपण हे पूरक वापर होत. घरगाडी ठेवणे हा पूरक वापर मानावा काय, आणि मानल्यास कोणत्या अटींवर, याचे उत्तर प्रत्येक गावाने आपापल्या परीने दिले. या विषयासाठी सबंध देशाला लागू होणारा एकच कायदा अमेरिकेत नाही. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूस जे चालते ते दुसऱ्या बाजूस, म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीत, दंडास पात्र ठरू शकते.

नियमांचे सर्वसामान्य स्वरूप

तपशिलात कितीही भेद असले तरी बहुतेक उपविधी ठरावीक पाच-सहा बाबींभोवतीच फिरतात.

पहिली बाब जागेची. भूखंडाचे पुढचे अंगण, बाजूचे अंगण आणि परसू असे तीन भाग मानले जातात. पुढच्या अंगणात घरगाडी ठेवण्यास अनेक ठिकाणी मनाई असते किंवा ती केवळ फरसबंद गाडीवाटेवर उभी करण्याची मुभा असते. बाजूच्या अंगणात आणि परसात ती ठेवता येते. मात्र शेजाऱ्याच्या हद्दीपासून काही फूट सामासिक अंतर सोडावे लागते. व्यवहारात अडचण येते ती येथेच. अनेक उपनगरांत घराच्या बाजूस सोडलेली जागा जेमतेम पाच ते दहा फूट असते. साडेआठ फूट रुंदीची गाडी पाच फुटांच्या पट्ट्यातून परसात नेता येत नाही. म्हणजे नियम परसाची मुभा देतो आणि भूखंडाचा आकार ती काढून घेतो. ज्याचा भूखंड मोठा, किंवा ज्याच्या घरामागे गल्ली आहे, त्यालाच त्या मुभेचा खरा लाभ होतो.

दुसरी बाब आकाराची आणि संख्येची. ठरावीक लांबीच्या किंवा उंचीच्या वरच्या गाड्यांना निवासी विभागात बंदी घालणे, किंवा एका घरामागे एकच गाडी ठेवू देणे, हे नियम अनेक ठिकाणी आढळतात. बोटी व त्यांचे ट्रेलर यांची गणनाही पुष्कळदा याच संख्येत केली जाते.

तिसरी बाब आडोशाची. गाडी भरीव कुंपणाआड किंवा दाट झुडपांआड असावी, अशी अट घातलेली असते. परंतु अशा कुंपणाची कमाल उंची बहुधा सहा फूट ठरवून दिलेली असते आणि गाडीची उंची तिच्या दुप्पट असते. तेव्हा कुंपणाने गाडी झाकली जात नाही; फार तर तिची चाके व दारे झाकली जातात.

चौथी बाब वेळेची. प्रवासाला निघण्यापूर्वी सामान भरण्यासाठी आणि परतल्यावर ते उतरविण्यासाठी गाडी दारासमोर आणावीच लागते. त्यासाठी २४, ४८ किंवा ७२ तासांची सवलत देण्याची प्रथा आहे. काही गावांत त्यासाठी परवाना काढावा लागतो.

पाचवी बाब सुरक्षिततेची. रस्त्यांच्या कोपऱ्यावर उंच गाडी उभी राहिल्यास वळणाऱ्या चालकास समोरून येणारे वाहन किंवा सायकलवरचे मूल दिसत नाही. म्हणून कोपऱ्यालगतचा त्रिकोणी भाग मोकळा ठेवावा लागतो. सार्वजनिक रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या गाड्यांना तर आणखी वेगळे नियम लागू होतात. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्याने चौकापासून १०० फुटांच्या आत सहा फूट वा त्याहून अधिक उंचीची वाहने उभी करण्यावर बंधन घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला आहे. त्याच कायद्यानुसार, स्थानिक उपविधीत तशी तरतूद असेल तर, एकाच जागी सलग ७२ तास उभे असलेले वाहन हलविता येते.

सहावी बाब सर्वांत महत्त्वाची. उभ्या असलेल्या घरगाडीत कोणी राहू नये, तिला घराची वीज, पाणी वा सांडपाण्याची वाहिनी कायमची जोडू नये, ही अट बहुसंख्य उपविधींत असते. आलेल्या पाहुण्यांना काही रात्री तीत झोपू देण्याची सवलत कोठे असते, कोठे नसते.

नजरेचा निकष

वरील बाबींपैकी कोपऱ्यावरची दृष्टी, रस्त्याची रुंदी, वायूच्या नळकांड्या यांचा संबंध सुरक्षिततेशी आहे, हे कोणालाही पटेल. परंतु तीच गाडी पुढच्या अंगणात चालत नाही आणि परसात चालते, या भेदाचे समर्थन सुरक्षिततेच्या आधारे पुरतेपणी करता येत नाही. तेथे खरा निकष नजरेचा असतो. गाडी शोभत नाही, ओळीतल्या घरांचा मेळ बिघडतो, शेजारच्या घराची किंमत उतरते, ही कारणे त्यामागे असतात. मग सौंदर्य हे सार्वजनिक कल्याणाचे अंग मानावयाचे काय?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वॉशिंग्टन शहरातील एका पुनर्वसन प्रकल्पाच्या खटल्यात दिले. सार्वजनिक कल्याणाची कल्पना व्यापक आहे, आणि परिसर सुंदर असावा हाही तिचाच भाग आहे, अशा आशयाचे मत त्या निर्णयात व्यक्त झाले. पुढे अनेक राज्यांच्या न्यायालयांनी याच दिशेने वाटचाल केली.

तरीही हा निकष किती निसरडा आहे हे फ्लोरिडातील कोरल गेबल्स या नगराच्या उदाहरणावरून कळून येते. मायामीला लागून असलेले हे नगर १९२५ मध्ये स्थापन झाले. भूमध्यसागरी वळणाची घरे, वृक्षाच्छादित रस्ते आणि शिस्तबद्ध आखणी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. या नगरात रात्रीच्या वेळी निवासी भागात ट्रक उघड्यावर उभा करण्यास बंदी होती. तो मोटारखान्यातच ठेवावा लागे. माल वाहून नेण्यासाठी मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाड्याही याच नियमात येत. तेथील एका रहिवाशाजवळ अशीच एक पिकअप होती. तो ती स्वतःच्या प्रवासासाठी वापरीत असे; तिच्यावर कोणत्याही धंद्याची पाटी नव्हती. ती घरासमोर उभी केल्याबद्दल त्यास दंड झाला आणि त्याने न्यायालयात दाद मागितली. घरगाडीच्या बाबतीत जो प्रश्न उपस्थित होतो तोच येथेही होता: वाहन निरुपद्रवी आहे, केवळ दिसावयास नको आहे, एवढ्या कारणाने त्यास बंदी घालावी काय?

२००७ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने रहिवाशाची बाजू उचलून धरली. परंतु त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१० मध्ये तो निर्णय फिरविला आणि नगराचा दृश्य आकार जपण्यासाठी असा नियम करता येतो, असे ठरविले. म्हणजे कायद्याच्या कसोटीस नियम उतरला. लोकांच्या कसोटीस मात्र तो उतरला नाही. २०१२ मध्ये हा विषय मतदानास टाकण्यात आला, तेव्हा नगराच्या मतदारांनी खासगी वापराच्या पिकअप गाड्या घरासमोर उभ्या करण्यास अनुमती दिली. काळाच्या ओघात पिकअप हे अमेरिकेतील नित्याचे कौटुंबिक वाहन बनले होते. जे एका पिढीच्या डोळ्याला खुपत होते ते दुसऱ्या पिढीच्या डोळ्याला दिसेनासे झाले. नजरेवर आधारलेल्या नियमाचे आयुष्य नजरेच्या सवयीइतकेच असते, असा याचा अर्थ आहे.

खासगी करारांची बंधने

नगरपालिकेच्या नियमांपेक्षाही कित्येकदा कडक असतात ती खासगी करारांची बंधने. नवी वसाहत वसविताना विकसक प्रत्येक भूखंडाच्या दस्तऐवजात काही अटी नोंदवून ठेवतो. त्या अटी पुढच्या प्रत्येक खरेदीदारास बंधनकारक असतात आणि त्यांचे पालन करवून घेण्याचे काम घरमालकांच्या संघाकडे असते. टेक्सासमधील ह्यूस्टन या महानगरात क्षेत्रविभागणीचा रूढ उपविधी नाही. पण तेथील अनेक वसाहतींत हे काम दस्तऐवजातील अटीच करतात.

अशा अटींचा इतिहास निष्कलंक नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीयांना घर विकू नये, अशा अटी असंख्य दस्तऐवजांत घातल्या जात. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, न्यायालयांना अशा अटींची अंमलबजावणी करता येणार नाही. घरगाडीची बंदी त्या कोटीतील नाही, हे उघड आहे. परंतु वसाहतीचे रूप आणि जमिनीची किंमत यांच्या नावाखाली कोणत्या प्रकारचे अन्याय होऊ शकतात, याची आठवण ठेवणे आवश्यक ठरते.

गेल्या काही वर्षांत खुद्द राज्यांनीच या संघांच्या अधिकारांना मर्यादा घालण्यास प्रारंभ केला आहे. फ्लोरिडाने २०२३ मध्ये असा कायदा केला की, रस्त्यावरून किंवा शेजारच्या भूखंडावरून न दिसणारी वस्तू ठेवण्यास संघाने प्रतिबंध करू नये. या कायद्यात बोटींबरोबर घरगाड्यांचाही नावाने उल्लेख आहे. पुढल्याच वर्षी त्या राज्याने घरासमोरच्या गाडीवाटेवर खासगी पिकअप उभी करण्यास संघांनी मनाई करू नये, असेही ठरविले. पहिल्या तरतुदीचा मथितार्थ असा की, जेथे शेजाऱ्याची नजर पोचत नाही, तेथे त्याचा अधिकारही पोचत नाही. परंतु १२ फूट उंचीची गाडी कोणाच्याच नजरेस पडू नये, एवढे मोठे आवार किती जणांजवळ असते, हा प्रश्न उरतोच.

तक्रार आणि अंमलबजावणी

या नियमांची अंमलबजावणी बहुधा तक्रारीवरून होते. नगरपालिकेचा निरीक्षक प्रत्येक गल्ली रोज पाहू शकत नाही. शेजाऱ्याने कळविल्यावर तो येतो, पाहणी करतो आणि लेखी सूचना देतो. ठरलेल्या मुदतीत गाडी न हलविल्यास सुनावणी होते आणि दंड सुरू होतो. फ्लोरिडात सर्वसाधारणपणे पहिल्या उल्लंघनास दिवसाला २५० डॉलरपर्यंत आणि पुन्हा केलेल्या उल्लंघनास ५०० डॉलरपर्यंत दंड करता येतो. दंड दररोज वाढत जातो आणि न भरल्यास मिळकतीवर त्याचा बोजा चढतो.

तक्रारीवर चालणाऱ्या या पद्धतीत एक दोष आहे. एकाच गल्लीत चार घरगाड्या नियमाबाहेर उभ्या असतील, तर ज्याचे शेजाऱ्याशी पटत नाही त्याच्यावरच कारवाई होते. मुलांचे भांडण, कुत्र्याचे भुंकणे, हद्दीवरचे झाड असले जुने राग या मार्गाने व्यक्त होतात. नियम सर्वांसाठी सारखा असला तरी त्याचा आघात सारखा नसतो. यावर उपाय म्हणून काही गावे नवा नियम करताना जुन्या गाड्यांना सवलत देतात, अपवादासाठी अर्ज करण्याची सोय ठेवतात, किंवा गावाबाहेरच्या भाड्याच्या वाहनतळांची माहिती देतात. अर्थात वाहनतळाचे भाडे हा घरगाडीवरचा एक नवा करच होय. तो श्रीमंतास जाणवत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास जाणवतो.

वाहन की घर?

आतापर्यंत ज्या वादांचा विचार केला त्यांत घरगाडीच्या मालकास राहावयास घर होते. गाडी हे त्याच्या हौसेचे साधन होते. परंतु ज्याच्याजवळ गाडीखेरीज दुसरे घरच नाही, त्याच्या बाबतीत याच नियमांचा अर्थ पालटतो. पश्चिम किनाऱ्यावरील शहरांत घरभाडी फार वाढली आणि जुन्या घरगाड्यांत कायम राहणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली. ‘उभ्या गाडीत कोणी राहू नये’ ही अट हौशी प्रवाशास किरकोळ वाटते. बेघरास ती हद्दपारीच्या आज्ञेसारखी असते.

लॉस एंजेलिस शहराने १९८३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहनाचा निवासासाठी उपयोग करण्यास बंदी केली होती. २०१४ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा उपविधी संदिग्ध ठरवून रद्द केला. वाहनात झोपणे म्हणजे निवास काय, पावसात आसरा घेणे म्हणजे निवास काय, चार कपडे व एक भांडे बाळगणे म्हणजे निवास काय, हे त्यावरून कळत नव्हते. त्यामुळे कोणास पकडावे हे पोलिसांच्या मर्जीवर राहत होते. त्यानंतर शहराने नवा उपविधी केला आणि निवासी रस्त्यांवर रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत वाहनात राहण्यास मनाई केली. २०२४ मध्ये ऑरेगॉनमधील ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास बंदी घालणे आणि त्यासाठी दंड करणे हे राज्यघटनेने निषिद्ध मानलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाही. यामुळे गावांचे हात मोकळे झाले. प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला.

त्याच ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराने निराळा मार्ग अनुसरला. २०१७ मध्ये त्या शहराने खासगी निवासी भूखंडावर उभ्या असलेल्या घरगाडीत राहणाऱ्यांविरुद्ध कारवाई शिथिल केली आणि २०२१ मध्ये आपल्या उपविधीतच तशी तरतूद केली. घर असलेल्या भूखंडावर एक घरगाडी किंवा चाकांवरचे एक लहान घर निवासासाठी ठेवता येते. आत नळाची व्यवस्था असेल, तर तिचे सांडपाणी वाहिनीत सोडण्याची सोय करावी लागते. येथे नियम नाहीसा झालेला नाही. त्याचा रोख पालटला आहे. गाडी कशी दिसते यापेक्षा सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानला गेला आहे.

नियमाची पारख

या सर्व विवेचनावरून चांगल्या आणि वाईट नियमांतील भेद स्पष्ट होतो. घरगाडीच्या नियमांत तीन भिन्न हेतू एकत्र गुंतलेले असतात: सुरक्षितता, परिसराचे रूप आणि वाहनाचा निवासासाठी होणारा वापर. सुरक्षिततेचा नियम फुटांत व तासांत मोजता येतो आणि तो सर्वांवर सारखाच लागू करता येतो. परिसराच्या रूपाचा नियम हा शेजाऱ्यांमधील तडजोड असतो. तो रहिवाशांच्या संमतीने करावा आणि अभिरुची पालटली म्हणजे त्यांच्याच संमतीने बदलावा. निवासाचा प्रश्न मात्र या दोहोंहून वेगळा आहे. तो घरांच्या टंचाईचा प्रश्न आहे आणि वाहनतळाच्या नियमाने तो सुटत नाही. जेथे एका हेतूच्या आड दुसरा हेतू लपविला जातो, सुरक्षिततेचे कारण सांगून नको असलेल्या माणसाला दूर केले जाते, तेथे नियम न्याय्य राहत नाही.

भारतीय वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे घरगाडी अद्याप विरळा दिसते. तथापि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी केरळनेही त्या दिशेने पाऊल टाकले. या धोरणांचा भर पर्यटनस्थळी अशा गाड्या उभ्या करावयाच्या जागांवर आहे. प्रवास संपल्यावर त्या गाड्या खासगी मालकांच्या दारी येतील, तेव्हा त्या कोठे उभ्या राहणार, हा प्रश्न आपल्याकडेही उपस्थित होईल. ज्या शहरांत साध्या मोटारीलाही सोसायटीच्या आवारात जागा मिळणे कठीण, तेथे त्याचे उत्तर अधिकच अवघड असेल. अशा वेळी अमेरिकेतील उपनगरांचे नियम जसेच्या तसे उचलण्यात हशील नाही. कारण ते तेथील अंगणांच्या मापाने बेतलेले आहेत. घेण्याजोगा आहे तो त्यांच्या अनुभवाचा बोध. नियम करताना तो कशासाठी केला आहे हे स्पष्ट सांगावे, आणि त्याचा भार कोणावर पडणार आहे हे आधी पाहावे.